हाताची घडी

"घर्र करा," ताई म्हणाली. "जरा जोरात. लाजू नका, इथे आपण तिघीच आहोत."

घडीवालीनं डोळे मिटले. साबणाच्या पुड्यांचं एक मोठं खोकं, त्याला पुढून ताटाएवढं गोल भोक, आणि त्या भोकातून तिचा चेहरा बाहेर आलेला. पस्तिशी ओलांडलेली बाई खोक्यात उकिडवी बसली होती, गुडघे पार हनुवटीला लागले होते. तिनं कसंबसं "घर्र" केलं. मांजरानं घसा साफ करावा तेवढाच आवाज आला.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला तिची लेक पालथी पडून डब्याचं झाकण फरशीवर गरगर फिरवत होती. गाल फरशीला टेकलेला, एक डोळा बंद. झाकण फिरायचं, डगमगायचं, थडथडत आडवं व्हायचं, की पुन्हा तेच. आईच्या घर्रशी तिला काही कर्तव्य नव्हतं.

"आमचं मशीन असं नाही वाजत," घडीवाली खोक्यातूनच म्हणाली. "ते आधी गुरगुरतं. पाणी घेताना गप्प होतं. मग घुसळायला लागतं."

"मग तसं करा. तुम्हाला तर पाठ आहे सगळं."

"पाठ आहे हो. पण ताई, मी बाई आहे. मी मशीन कशी होऊ?"

ताई हसली नाही. खेळातून मुलांना शिकवणारी पंचविशीची मुलगी होती ती. औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत हे केंद्र चालायचं आणि वयानं लहान असली तरी सगळे आईबाप तिला ताईच म्हणायचे. ती खोक्यासमोर मांडी घालून बसली आणि तिनं विचारलं, "तुम्ही लहानपणी काय खेळायचात?"

घडीवालीनं पुष्कळ आठवून पाहिलं. पाच भावंडांत ती थोरली. आई कामाला जायची. बाहुली कशाला हवी होती, खरीच पोरं होती कडेवर. खोटी चूल कशाला मांडायची, खरी पेटवावी लागत होती.

"काही नाही," ती म्हणाली.

"मग दोघी मिळूनच शिका," ताई म्हणाली.

घडीवाली एका मोठ्या लाँड्रीत कामाला होती. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी गठ्ठ्यांनी यायच्या. मशीन धुवायचं, इस्त्रीकाका इस्त्री करायचे आणि ती घड्या घालायची. लग्नाआधीपासून हेच. मालकीणबाई "घडीवालीला बोलवा" म्हणायच्या, तेच नाव पडलं, आणि पुढे नवराही चेष्टेनं तशीच हाक मारू लागला. टोकाला टोक लावून तिची चादर अशी बसायची की इस्त्रीकाका म्हणत, "हिच्या घडीला नजर लागेल." याहून तिच्याबद्दल सांगण्यासारखं कुणाकडे काही नव्हतं आणि तिला त्याची खंतही नव्हती.

लेक उशिरा झाली, नवसासायासानं म्हणतात तशी. सांभाळायला कुणी नाही म्हणून तान्हेपणापासून ती लाँड्रीतच वाढली, टोपलीत, मशीनच्या समोर. रडायला लागली की टोपली मशीनकडे तोंड करून ठेवायची. काचेच्या गोल दारामागे पांढरं काही फिरताना दिसलं की पोर गप्प. "किती शहाणी आहे," सगळे म्हणायचे. चालायला लागली तशी ती स्वतःच जाऊन दारापुढे बसू लागली. फिरणारं काहीही दिसलं की तिथेच खिळायची, म्हणून इस्त्रीकाकांनी तिचं नाव भिंगरी ठेवलं. पण भिंगरी हाकेला वळत नव्हती. बोट दाखवत नव्हती. अडीच वर्षांची झाली तरी आई म्हणत नव्हती, आणि तिचा पहिला शब्द आला तो "पीळ". मशीन पिळायला लागायच्या आधी क्षणभर थांबतं, त्या क्षणी ती म्हणायची. बरोबर त्याच क्षणी.

डॉक्टरांनी सांगितलं, मूल स्वमग्न आहे. घडीवालीनं एकच विचारलं, "मी तिला मशीनसमोर ठेवली म्हणून झालं का?" डॉक्टर नाही म्हणाले, नीट समजावून नाही म्हणाले. पण ते नाही तिच्या मनात काही रुजलं नाही.

नात्यातल्या बायकांनी सल्ले दिले. मशीनचं वेड मोडा, म्हणजे पोर माणसात येईल. घडीवालीनं तेही केलं. पोरीला शेजारणीकडे ठेवलं. भिंगरीनं खाणं सोडलं, स्वतःच्या मनगटाला चावे घेतले, आणि दाराच्या बिजागरीपाशी बसून दार हलवत राहिली. शेवटी शेजारीणच हात जोडून म्हणाली, "घेऊन जा बाई. मला बघवत नाही." लाँड्रीत आणल्यावर पोर मशीनपुढे बसली, आणि आईनं तोंडाशी धरलेलं केळं तिनं न बघता खाऊन टाकलं. घडीवाली त्या दिवशी चादरींच्या ढिगाआड जाऊन रडली होती.

म्हणून ताईचं बोलणं तिला आधी खरंच वाटलं नाही. ताई म्हणाली होती, "वेड मोडायचं नाही. ते धरूनच आत शिरायचं. मूल रिकाम्या कपातून चहा पितं ना, तेव्हा त्याला कळलेलं असतं की जे नाही तेही दोघांनी मिळून आहे असं धरता येतं. बोलणं, समजणं, पुष्कळ काही त्याच्या आधारानं येतं. हिला कपाशी देणंघेणं नाही, बाहुलीशी नाही. हिला मशीन आवडतं. मग आपण खोटं खोटं मशीन करायचं आणि त्यात काहीतरी गंमत व्हायची वाट बघायची."

"आणि नाही झाली तर?"

"तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करायचं."

पुन्हा करायचं, हे घडीवालीला जमण्यासारखं होतं. आयुष्यभर तिनं तेच तर केलं होतं. तिनं लाँड्रीतून एक खोकं घरी नेलं. स्वयंपाकाचा कट्टा आणि पलंग यांच्यामध्ये ते कसंबसं बसलं. रोज काम संपवून आली की ती मोजे, रुमाल, टोपी खोक्यात टाकायची, हात आत घालून ढवळायची, गुरगुरायची, थांबायची. सुरुवातीला दार लावून घ्यायची, कुणी पाहिलं तर वेडी म्हणतील म्हणून. मग तेही सोडलं. भिंगरी कधी खोक्याकडे पाहायचीही नाही. कधी यायची, भोकाच्या कडेवरून बोट गोल गोल फिरवायची आणि निघून जायची. पालथ्या घड्यावर पाणी.

अशात तो रस्त्यावरचा प्रकार झाला. लाँड्रीच्या दारातून भिंगरी सुटली आणि समोरून येणाऱ्या बसच्या चाकाकडे धावली. पळून जात नव्हती ती, चाक बघायला जात होती. बस थांबली तेव्हा पोर चाकापासून हातभर अंतरावर उभी होती आणि चाक थांबलं म्हणून रागावली होती. बसचा ड्रायव्हर खाली उतरला, पायरीवर बसून त्यानं डोकं धरलं. घडीवालीला लेकीपर्यंत जाताच येईना. इस्त्रीकाकांनी पोरीला उचललं.

नवरा ट्रक चालवायचा. चार-पाच दिवसांनी एकदा घरी यायचा. त्यानं हे ऐकलं आणि जेवता जेवता ताट बाजूला सारलं. तिसऱ्या दिवशी एकटाच कुठे तरी जाऊन आला आणि म्हणाला, "एक निवासी शाळा आहे. अशाच मुलांची. पाच वर्षांच्या आतबाहेरची घेतात. जागा रिकामी आहे."

"ती माझ्याशिवाय झोपत नाही," घडीवाली म्हणाली.

"ती तुझ्याबरोबरही झोपत नाही. तू चिंधीनं तिचा हात तुझ्या हाताला बांधून पडतेस. चार वर्षांत तू किती झोपलीस, सांग."

"मी तक्रार केली का?"

"नाही केलीस. तेच तर." तो खाली बघून बोलत होता. "चांगली आहे गं शाळा. भिंती उंच आहेत. फाटक बंद असतं."

"फाटक तुरुंगालाही असतं."

"तुरुंगात माणसं जिवंत तरी राहतात." मग म्हणाला, "मी ट्रक चालवतो. ब्रेक कधी लागतो आणि कधी नाही लागत, ते मला ठाऊक आहे."

तिनं ताईचं नाव काढलं. ताई म्हणतात, खेळायला लागली की फरक पडेल. नवऱ्यानं कोपऱ्यातल्या खोक्याकडे पाहिलं. भिंगरी त्याच्या चपलेचा पट्टा हलवत बसली होती.

"चार दिवसांनी घरी येतो मी," तो म्हणाला. "ती त्या चपलेकडे बघते, माझ्याकडे नाही. मला राग नाही तिचा. पण ताई म्हणतात ना खेळेल, तर खेळू दे. मला एकदा दिसू दे. ती दुसऱ्या कुणाबरोबर काहीतरी करतेय, एवढं दिसू दे. मी शाळेचं नाव पुन्हा काढणार नाही. पण पुढच्या महिन्यात ती जागा दुसऱ्याला जाईल."

त्या दिवसापासून घडीवालीचा जीव टांगणीला लागला. केंद्रात, घरात, लाँड्रीत जेवायच्या सुट्टीत, तिचं एकच चाललेलं. इस्त्रीकाकांना तिनं टोपी मागितली, मालकीणबाईंकडून जुना रुमाल. "काय गं, घरी लाँड्री काढतेस की काय?" मालकीणबाईंनी विचारलं. ती हसली आणि तिनं रुमाल पिशवीत टाकला.

आणि मग जेव्हा ते झालं तेव्हा ती काहीच करत नव्हती.

दुपारची वेळ होती. सकाळपासून दवाखान्याचा मोठा गठ्ठा उरकून तिची पाठ धरली होती, म्हणून मालकीणबाईंनी लवकर घरी पाठवलं. ती खोक्याशेजारी जमिनीवर उताणी पडली. आज घर्र नाही, गुरगुर नाही, काही नाही, तिनं मनात म्हटलं, आज मला माफ कर. एक हात पोटावर, दुसरा बाजूला पसरलेला.

भिंगरी आली. तिनं पसरलेल्या हाताकडे पाहिलं. मग तो मनगटाला धरून उचलला, एखादी वस्तू उचलावी तसा, आणि भोकातून खोक्यात घातला.

"दार लाव," ती म्हणाली.

दार नव्हतंच खोक्याला. भिंगरीनं रिकाम्या जागी तळवा दाबला आणि जिभेनं टक् केलं. दार लागलं.

"पाणी सोड."

घडीवाली हळूच म्हणाली, "गार आहे गं पाणी."

हे ती का बोलली ते तिला नंतरही सांगता आलं नाही. भिंगरी थांबली. कपाळाला आठी घालून तिनं खोक्याच्या कोऱ्या पुठ्ठ्यावर दोन बोटं ठेवली आणि तिथे नसलेलं बटण फिरवलं.

"गरम," ती म्हणाली.

मग तिनं आईचा हात घुसळला, थांबवला, पुन्हा घुसळला. "पीळ" म्हणाली आणि एकेक बोट धरून पिळलं, अंगठा सर्वांत शेवटी. हात बाहेर काढला, झटकला, खुर्चीच्या पाठीवर वाळत टाकला. घडीवाली तशीच अर्धवट उठून, खुर्चीवर हात टाकून बसून राहिली. पाठीतून कळा येत होत्या. पोर आपल्या झाकणाकडे निघून गेली होती. झालं बहुतेक, तिला वाटलं. पण ओला हात कसा खाली घ्यायचा? तिनं तो वाळू दिला.

काही वेळानं भिंगरी परत आली. तिनं हात चाचपून पाहिला. वाळला होता. मग खुर्चीवरून काढून तो तिनं स्वतःच्या मांडीवर घेतला आणि एकेक बोट आत मुडपलं. करंगळी, तिच्या शेजारचं, मधलं. अंगठा वरून आणून कडेला कड लावली आणि दोन्ही तळव्यांनी वरून दाबून सपाट केलं. लाँड्रीत चादर दाबतात तसं. दोनदा दाबायचं, दुसऱ्यांदा जरा जोरात. ही आईची पद्धत होती. दुसरं कुणी तसं करत नसे.

"घडी," भिंगरी म्हणाली.

म्हणजे इतकी वर्षं मशीनसमोर, आईकडे पाठ करून बसलेली ही पोर मागे कधीतरी वळली होती. तिनं पाहिलं होतं. घडीवालीला रडायचं नव्हतं, कारण रडण्याचा आवाज भिंगरीला सहन होत नसे. मूठ तशीच मांडीवर ठेवून ती ओठ चावत बसली.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला फोन केला. तो कुठल्याशा पेट्रोल पंपावर होता. तिनं सगळं सांगितलं, भरभर, मध्येच श्वास लागत.

"हात धुतला?" तो म्हणाला.

"धुतला, पिळला, वाळत टाकला. आणि घडी घातली."

"हाताची घडी? शाळेत घालायला लावतात तशी?" तो हसला. खूप दिवसांनी हसला तो. मग त्याचा आवाज बदलला. "खरं सांगतेस ना गं?"

"तू ये. तुझ्या डोळ्यांनी बघ."

पुढे दोन दिवस भिंगरीनं तो खेळ पुन्हा केला. एकदा तर पाण्यात साबण टाकला. हवेतून चिमूट उचलली आणि खोक्यात सोडली. ताईला सांगितलं तेव्हा ती टेबलाला टेकून उभी राहिली, आणि तिचे डोळे भरून आले. "आता घाई करू नका हं," तेवढं मात्र ती दोनदा म्हणाली.

घडीवालीच्या हाती घाई न करणं कुठे होतं? महिना संपत आला होता.

नवरा आला तो अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून पलंगावर बसला, फोटो काढायचा असल्यासारखा. हात गुडघ्यांवर. भिंगरी झाकण फिरवत होती. घडीवाली खोक्याजवळ बसली आणि तिनं हात पसरला.

पोर आली नाही.

"भिंगरी, हात धुवायचा ना?" घडीवाली म्हणाली. "बघ, मळलाय. दार लाव बरं. पाणी सोड."

झाकण फिरत राहिलं.

"राहू दे," नवरा म्हणाला. "मी थांबतो. घाई नाही मला."

"नाही, करते ती. रोज करते." तिनं झाकण उचलून घेतलं. भिंगरी कळवळून ओरडली. घडीवालीनं तिला ओढत खोक्यापाशी आणलं, तिचा हात आपल्या मनगटावर ठेवला. "असं. असं धर. मग काय म्हणतेस तू? गरम म्हणतेस ना? म्हण. एकदाच म्हण, बाबा बघतायत." स्वतःचा आवाज तिला ऐकू येत होता आणि थांबवता येत नव्हता. भिंगरी कमान करून मागे फेकली गेली, तिचं डोकं पलंगाच्या पायाला लागलं, पाय झाडताना खोकं चिरडलं. घडीवालीनं तिला पुन्हा बसवलं. पोरीनं तिच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला, आणि घडीवालीनं तिच्या थोबाडीत मारली.

आजवर तिनं लेकीला बोटही लावलं नव्हतं.

नवऱ्यानं पोरीला उचलून चादरीत गच्च गुंडाळलं, तसं केल्यावर ती शांत होते म्हणून, आणि तिला घेऊन तो येरझारा घालू लागला. बऱ्याच वेळानं किंचाळणं थांबलं. घडीवाली भिंतीला टेकून बसली होती.

"मी खोटं नव्हते बोलत," ती म्हणाली.

"मी तसं म्हटलं का?"

"करते ती. खरंच करते."

"करत असेल," तो म्हणाला. त्या 'असेल'मध्ये राग नव्हता, म्हणून तो तिला जास्त लागला.

त्यानंतर भिंगरी खोक्याजवळ गेली नाही. घडीवालीनं हात पसरला तर ती तो बाजूला सारायची, वाटेतलं भांडं सारावं तसा. ताईला सगळं सांगताना घडीवालीनं थोबाडीत मारलेलंही सांगितलं. ताईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "खेळ होता तो. त्या दिवशी त्याची परीक्षा झाली."

"परत येईल का?"

"येईल. असं होतं कधी कधी, परत येतं. पण कधी, ते मला सांगता येणार नाही. मी सांगितलं तर ते खोटं होईल."

एकदा घडीवाली कामावरून जरा लवकर आली, तर नवरा जमिनीवर बसलेला. चिरडलेल्या खोक्याला त्यानं चिकटपट्टी लावून उभं केलं होतं आणि कोपरापर्यंत हात भोकातून आत घातला होता. भिंगरी खोलीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीकडे तोंड करून बसली होती. बायकोला पाहताच त्यानं हात काढून घेतला.

"पट्टी सुटली होती," तो म्हणाला. "चिकटवत होतो."

त्या संध्याकाळी तिनंच विषय काढला. "जाऊ या," ती म्हणाली. "सोडून येऊ तिला."

त्यानं चमकून पाहिलं. "माझ्यासाठी म्हणत असशील तर नको."

"तुझ्यासाठी नाही. मी तिला मारलं. उद्या ती पुन्हा रस्त्यावर धावली, मी पुन्हा घाबरले, तर काय करीन, मलाच ठाऊक नाही. मला माझा भरवसा राहिला नाही."

त्यानं वाद घातला नाही. घालायला हवा होता, असं तिला वाटत होतं. त्यालाही कदाचित तसंच वाटत होतं.

शाळा टेकडीच्या उतारावर होती. स्वच्छ, चुन्यानं रंगवलेली, लांब व्हरांड्याची. मुलांना सांभाळणाऱ्या मावशी जाड चष्म्याच्या, मोठ्या हाडापेराच्या. त्यांनी पलंग दाखवला, जेवणाची खोली दाखवली, आणि मागची धुण्याची खोली दाखवायच्या आधीच भिंगरी आवाजाच्या दिशेनं निघून गेली होती. तिथे दोन मशीनं चालू होती. पोर एका दारापुढे जाऊन बसली, जशी काही ती जागा तिचीच होती.

"चला, सोपं झालं," मावशी म्हणाल्या. "काही मुलं फाटकाला लटकून रडतात. पहिला महिना भेटायला येऊ नका हं. रुळू द्या."

घडीवालीनं त्यांना सगळं सांगितलं. ती काय खाते, कोणता आवाज सहन होत नाही, चादरीत कसं गुंडाळायचं. मग जरा अडखळून तिनं खेळाचं सांगितलं. हात कसा आत घालते, पाणी गरम कसं करते.

मावशींनी चष्मा वर केला. "बाई, अठरा मुलं आहेत माझ्याकडे."

"हो. तुम्हाला काही करायचं नाही. फक्त तिच्याजवळ बसलात कधी, तर हात असा ठेवा. नुसता."

मावशींनी आपला रुंद हात पुढे केला. "असा?"

"असा. पण वाट बघू नका. आपण वाट बघतोय, हे तिला कळतं."

मावशी तिच्याकडे बघत राहिल्या. "बरं," त्या म्हणाल्या, आणि ते त्यांनी वरवर म्हटलं नव्हतं.

निघताना घडीवाली धुण्याच्या खोलीच्या दारात उभी राहिली. हाक मारली नाही. मारली असती तरी वळली नसती, आणि वळली असती तर हिला जाता आलं नसतं. मशीन थांबलं. "पीळ," भिंगरी म्हणाली. मशीन पिळू लागलं. नवऱ्यानं कोपराला धरून तिला बाहेर नेलं.

दिवेलागणीला घरी पोचले. त्यानं चहा केला. ती चहा घ्यायच्या आधी क्षणभर पाठ टेकावी म्हणून पलंगावर पडली.

जाग आली तेव्हा ऊन पलंगावर आलं होतं. तिला काही कळेना. इतका उजेड तिनं या घरात अंथरुणातून कधी पाहिला नव्हता. ती दचकून उठली, शेजारी हात गेला, आणि मग आठवलं. ती झोपली होती. एकदाही न उठता, स्वप्न न पडता, कूस न बदलता. पाठ दुखत नव्हती. डोकं हलकं होतं. गेल्या चार वर्षांत तिचं अंग असं तिच्या ताब्यात कधी आलं नव्हतं, आणि त्या हलकेपणाची तिला इतकी शरम वाटली की ती पुन्हा खाली बसली.

नवरा दाराशी बसून होता. त्याचे डोळे लाल होते.

"उठवलं नाहीस?" ती म्हणाली.

"उठवणार होतो," तो म्हणाला. "मग नाही उठवलं."

तिनं तोंड धुतलं, केस बांधले, कामाला गेली. मालकीणबाई म्हणाल्या, आज कशाला आलीस, चार दिवस घरी राहा. ती म्हणाली, घरी काय करू? टेबलावर हॉटेलच्या चादरींचा ढीग इस्त्री होऊन पडला होता, अजून गरम. तिनं पहिली उचलली, टोकाला टोक लावलं.

इस्त्रीकाकांना अजून कुणी काही सांगितलेलं नव्हतं. ते टेबलाच्या पलीकडून तिच्याकडे बघत म्हणाले, "आज चेहरा टवटवीत दिसतोय गं तुझा. झोप झालेली दिसते."

"झाली," ती म्हणाली, आणि तिनं दुसरी चादर घेतली.